पंचशील, पंचशिला की पंचासिला?

प्रश्न : इंडोनेशियावरच्या एका मराठी लेखात तिथल्या घटनेतल्या पाच तत्त्वांना 'पंचशिला' म्हटलं आहे. शिला म्हणजे दगड ना? की हे नेहरूंचंच पंचशील? आमच्या घरी तर पंचशील म्हणजे त्रिशरणानंतर म्हणतात ते.

उत्तर : मूळ शब्द शील, म्हणजे आचरण. शिलेशी त्याचा संबंध नाही. संस्कृत 'श' तिथे 'स' होतो आणि ऱ्हस्व-दीर्घ भेद राहत नाही, म्हणून 'सिला'. जावातल्या मजपहित राज्याच्या काळातल्या, म्हणजे 14व्या शतकातल्या जुन्या जावानीज काव्यांत हा शब्द आहे, आणि तिथे तो आचरणाच्या पाच नियमांसाठीच येतो. म्हणजे नेहरूंकडून तो तिकडे गेलेला नाही, हे आधी स्पष्ट व्हायला हवं.

अर्थ पालटला 1 जून 1945 रोजी. जपानी अंमल संपत आला होता आणि नवं राज्य कशावर उभं करायचं यावर स्वातंत्र्याच्या तयारीसाठी नेमलेल्या समितीत खल चालू होता. स्वातंत्र्यचळवळीचे नेते आणि पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सुकार्नो यांनी पाच तत्त्वं मांडली : राष्ट्रीयत्व, मानवता, विचारविनिमयाने चालणारी लोकशाही, सामाजिक कल्याण आणि ईश्वरश्रद्धा. हे नाव एका भाषातज्ज्ञ मित्राने सुचवलं असं त्यांनी भाषणातच सांगितलं, आणि सिला म्हणजे पाया, असा अर्थही दिला. त्यामुळे 'पंचशिला' लिहिणारा व्युत्पत्तीत चुकला, तरी सुकार्नोंच्या अर्थाच्या बराच जवळ गेला!

पुढे क्रम बदलून ईश्वरश्रद्धा पहिली आली. मुसलमानांनी शरियत पाळावी अशी ओळही मसुद्यात होती. पूर्वेकडच्या बेटांवरच्या ख्रिस्ती लोकांचा आक्षेप होता, म्हणून 18 ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, ती गाळली. इतक्या बेटांचा, इतक्या धर्मांचा देश एकत्र राहावा म्हणून केलेली ही तडजोड मला फार मोलाची वाटते. म्हणूनच सुकार्नोंनंतर आलेले राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या काळात या शब्दाचं जे झालं ते खटकतं. 1985च्या कायद्याने प्रत्येक संघटनेला, मग ती धार्मिक का असेना, पंचासिला हाच आपला एकमेव आधार असल्याचं मान्य करणं भाग पडलं. सर्वांना सामावून घेणारा शब्द निष्ठेची परीक्षा घेऊ लागला.

नेहरूंचं पंचशील वेगळं. 29 एप्रिल 1954 रोजी तिबेटशी व्यापाराबद्दल भारत-चीन करार झाला, त्याच्या प्रस्तावनेत ती पाच तत्त्वं आहेत : सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणं, समानता आणि शांततामय सहजीवन. करारात 'पंचशील' हा शब्द मात्र नाही. तो नंतर रूढ झाला. 1955 साली इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले 29 देश जमले तेव्हा पाचाची दहा तत्त्वं झाली. इंडोनेशियात त्यांना 'दसासिला' म्हणतात.

तुमच्या घरचं पंचशील म्हणजे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आधी स्वतः घेतलं आणि मग लाखोंना दिलं ते. 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि' (प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचा नियम मी स्वीकारतो) यात 'समादियामि', म्हणजे 'मी स्वीकारतो', असं म्हणणारा माणूस आहे. राज्याचा पाया किंवा दोन सरकारांमधला करार तिथे नाही, आणि शब्दाचा मूळ अर्थ इथेच शाबूत आहे.

प्रश्न : मग लिहायचं कसं? रोमन लिपीत 'सी' अक्षर दिसतं, म्हणून कुणी 'पंकासिला' म्हणतात.

उत्तर : 'क' नाही, 'च'च. 1972पर्यंत तिथे डच वळणाने हा उच्चार 'टीजे' या दोन अक्षरांनी लिहीत. त्या वर्षी लेखनसुधारणा झाली आणि 'च'साठी 'सी' ठरलं. 'डीजे'ने सुरू होणारं जकार्ताही तेव्हाच नुसत्या 'जे'ने लिहू लागले. इंडोनेशियाबद्दल लिहिताना 'पंचासिला' लिहावं, म्हणजे वाचकाला वेगळेपण लगेच कळेल. इतर दोन्हींसाठी पंचशील.