मदत हवी आहे: खाणींवरच्या भाषणासाठी इंग्रजी वाक्प्रचार

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोली तालुक्यात शिकवते. माझी अकरावीतली एक विद्यार्थिनी शुक्रवारी खाणींवर इंग्रजीत भाषण करणार आहे. तिचे वडील खाणीचा ट्रक चालवायचे, त्या कमाईतून घर उभं राहिलं. त्याच खाणीच्या ढिगाऱ्यांवरची माती पावसात वाहून आली आणि आजोबांचं भातशेत बुजलं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा ट्रक दारात उभा आणि परतायला शेतही नाही.

तिनं मराठीत लिहिलंय, ‘ज्या मातीनं आम्हांला जेवू घातलं, तिनंच आमचं शेत गिळलं.’ याला इंग्रजीत काय म्हणावं?

‘मिक्स्ड ब्लेसिंग’ मला पटत नाही. त्यात मुळात वरदान आणि त्याला थोडी खोट, असा सूर आहे. पेडणे तालुक्यात झालेल्या मोपाच्या विमानतळाबद्दल तिथलं कुणी तसं म्हणेलही. बुजलेल्या शेताबद्दल कसं म्हणायचं? ‘ब्लेसिंग इन डिसगाइज’ मुलं हमखास लिहितात, पण ते वेगळंच: आधी संकट वाटलेलं पुढे हिताचं ठरतं. ‘क्युरेट्स एग’ मला फार आवडतो. १८९५ साली ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकात आलेल्या व्यंगचित्रात बिशपच्या घरी नासकं अंडं वाढलेलं असतं आणि तरुण पाद्री भिडेपोटी म्हणतो, याचे काही भाग उत्तम आहेत. पण त्यात थट्टा आहे, ती इथे नको.

उरली ‘डबल-एज्ड स्वोर्ड’, म्हणजे आपली दुधारी तलवार. अर्थ नेमका जुळतो: जी गोष्ट कामी येते तीच आपल्याला कापते. तर मुलगी म्हणते, ‘बाई, आमच्या घरात कुदळ होती, तलवार कुठून आणू?’ तिचं म्हणणं मला खरं वाटतं. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ छापाचे वाक्प्रचार सुचवू नका, तो पेच निराळा.

प्रतिसाद:
ताई, भाषणात वाक्प्रचार नकोच. तिचंच वाक्य ठेवा: ‘द सेम अर्थ दॅट फेड अस स्वॅलोड अवर फील्ड.’ ‘सॉइल’ नको, ‘अर्थ’च हवा, खाणीची आणि शेताची, दोन्ही माती त्यात येते. नंतर परीक्षकांनी खाणी हव्यात की नकोत असं विचारलं, तर ‘इट कट्स बोथ वेज’ म्हणू दे. त्यात धार आहे, तलवारीचं नाव नाही. ‘फेड’वर क्षणभर थांबायला सांगा.