मदत हवी आहे: ॲझो-पॉलिमरच्या थरावर लेझरने उमटवलेल्या खाचा फार उथळ येतात

काचपट्टीवर स्पिन कोटिंगने (द्रावण टाकून पट्टी वेगाने फिरवून) चढवलेल्या, साधारण ५०० नॅनोमीटर जाडीच्या ॲझोबेंझीनयुक्त (प्रकाश शोषून आकार बदलणारे रेणू असलेल्या) पॉलिमरच्या थरावर मी ४८८ नॅनोमीटरच्या आर्गॉन लेझरने समांतर खाचा उमटवत आहे. मांडणी लॉइडच्या आरशाची आहे, म्हणजे शलाकेचा अर्धा भाग थेट नमुन्यावर पडतो आणि उरलेला अर्धा, नमुन्याशी काटकोनात उभ्या केलेल्या आरशावरून परावर्तित होऊन त्याच जागी येतो. आपाती कोन १४ अंश असल्यामुळे दोन खाचांमधले अंतर सुमारे १ मायक्रॉन यायला हवे, आणि एएफएमखाली (सूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) ते तसे दिसतेही. अडचण खोलीची आहे. अर्धा तास प्रकाश देऊनही ती १५ नॅनोमीटरच्या पुढे जात नाही.

ध्रुवण, म्हणजे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची दिशा, मी मुद्दाम आपाती प्रतलाला (दोन्ही शलाका ज्यात येतात त्या प्रतलाला) लंब ठेवले आहे, कारण तसे केल्यास दोन्ही शलाकांची विद्युतक्षेत्रे समांतर राहून व्यतिकरण पट्ट्या (दोन शलाका एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या उजळ-गडद पट्ट्या) सर्वांत ठळक होतात. शक्ती वाढवून पाहिली, तेव्हा एका नमुन्याचा रंगच विटला आणि तो वाया गेला. पट्ट्या इतक्या ठळक असताना पदार्थ का सरकत नसावा?

प्रतिसाद:
दोष शक्तीचा नसून ध्रुवणाचा आहे. ॲझोबेंझीनचे रेणू प्रकाश शोषून ट्रान्स (सरळ) आणि सिस (वाकलेले) या रूपांत येरझाऱ्या घालतात, आणि त्या ओघात पदार्थ मुख्यतः विद्युतक्षेत्राच्या दिशेने सरकतो. तुमचे क्षेत्र खाचांना समांतर आहे. सरकणे हवे आहे ते खाचांना आडवे. आरशाच्या अलीकडे क्वार्टर-वेव्ह प्लेट ४५ अंशांवर बसवून प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करा, म्हणजे त्याच्या क्षेत्राची दिशा गोल फिरत राहील. परावर्तनात त्याची फिरण्याची दिशा उलटते, म्हणून नमुन्यावर परस्परविरुद्ध ध्रुवणाच्या दोन शलाका एकत्र येतात. तीव्रता तेव्हा जवळपास सगळीकडे सारखीच राहते, क्षेत्राची दिशा मात्र जागोजागी वळत जाते, आणि गंमत म्हणजे खाचा याच स्थितीत खोल होतात. १०० नॅनोमीटरच्या वर जायला हरकत नसावी. वाढ होत असतानाच पाहायची असेल, तर ६३३ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेझर नमुन्यावर लंब टाकून सुमारे ३९ अंशांवरच्या पहिल्या विवर्तित (खाचांमुळे वळलेल्या) शलाकेची तीव्रता मोजत राहा.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे, प्लेट हाताशी आहे. उथळ खाचांचे जुने नमुने पुन्हा वापरता येतील का?

प्रतिसाद:
रंग विटलेला सोडून बाकीचे येतील. पॉलिमरच्या काच-संक्रमण तापमानाच्या (ज्यावर तो मऊ होतो त्या तापमानाच्या) थोडे वर तापवा, खाचा मिटून पृष्ठभाग सपाट होईल.