४८ टक्के मतांत २३० आमदार: प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणावं का?

काठावरचा:
२०२४ मध्ये आपण दोनदा मतदान केलं. लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, तरी मविआ ३० आणि महायुती १७. नोव्हेंबरात महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून ४८ टक्के मतं, आमदार २८८ पैकी २३०. समोरच्या तिघांना एक तृतीयांश मतं, आमदार ४६. जूनमध्ये पेढे वाटणारे नोव्हेंबरात मशिनवर घसरले. माझ्या मते दोन्ही वेळा करामत पद्धतीची. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो आला, बाकीच्यांची पाण्यात. मतांच्या प्रमाणात जागा दिल्या तर काय बिघडेल?

घाटमाथा:
बरंच बिघडेल. इस्रायलमध्ये तुम्हाला हवी तीच पद्धत आहे. २०१९ ते २०२२ मध्ये तिथे पाच निवडणुका झाल्या. घटना समितीत जानेवारी १९४९ मध्ये ही मागणी आली तेव्हा खुद्द बाबासाहेबांनी विरोध केला होता. साक्षरता कमी, आणि सरकार स्थिर हवं, हे त्यांचं म्हणणं.

जुनीशिक्षिका:
स्थिर सरकार म्हणता, मग २०१९ चा पहाटेचा शपथविधी कुठल्या पद्धतीत झाला हो? त्यानंतर दोन पक्ष फुटले ते कुठल्या पद्धतीत? आणि साक्षरतेचा मुद्दा १९४९ चा आहे. त्याच २०१९ च्या लोकसभेत वंचितला राज्यात सुमारे सात टक्के मतं पडली, खासदार शून्य. त्या लाखो लोकांनी कुणाकडे बघायचं?

घाटमाथा:
साक्षरतेचं सोडा, पदवीधरांचं सांगतो. पदवीधर मतदारसंघात जांभळ्या स्केचपेनने उमेदवारासमोर पसंतीचे १, २, ३ आकडे घालायचे असतात. मी मोजणीला उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. कुणी बरोबरची खूण केलेली, कुणी खाली झोकात सही ठोकलेली. गठ्ठाच्या गठ्ठा बाद! सगळे पदवीधर बरं का.

सावंतवाडीकर:
तो पसंतीक्रम झाला. पक्षयादीत, म्हणजे मत पक्षाला आणि जागा त्याच्या यादीतून अशा पद्धतीत, एकच बटण दाबायचं असतं. दोन गोष्टींची भेसळ नको. गोव्याचं बघा: २०२२ ला भाजपला ३३ टक्के मतं आणि ४० पैकी २० जागा. म्हणजे तीनातल्या दोघांनी दुसऱ्यांना मत दिलं आणि निम्मी विधानसभा भाजपची.

वॉर्डातला:
आमच्याकडे महापालिकेला चार जणांचा प्रभाग आहे, म्हणजे प्रमाणशीरच झालं की! मावशी एक बटण दाबून निघाली होती. मशिन बीप देईना, कर्मचाऱ्यांनी हाक मारून परत बोलावलं, 'आजी, अजून तीन राहिली'.

जुनीशिक्षिका:
नाही हो, उलट आहे. अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती, प्रत्येकीत सर्वाधिक मतांचा जिंकतो. ४० टक्केवाला चारही खिशात घालू शकतो. प्रमाणशीर असतं तर दोन इकडे, एक तिकडे असे निवडून आले असते. शिवाय नाला तुंबला की चौघं एकमेकांकडे बोट दाखवणार.

घाटमाथा:
मग राज्यभराच्या यादीतल्या आमदाराला नाल्यासाठी कुठे शोधायचं? यादीत नाव घालणार पक्षाध्यक्ष, तो मतदाराचा फोन का उचलेल? आणखी एक, मूळ धाग्यातले आकडे फसवे आहेत. शरद पवार गटाला ११ टक्क्यांत १० जागा आणि अजित पवार गटाला ९ टक्क्यांत ४१, हे उदाहरण सगळे फेकतात. पहिल्याने जागा कितीतरी जास्त लढवल्या, म्हणून मतं जास्त दिसतात.

काठावरचा:
हे मान्य, म्हणूनच मी आघाडीची बेरीज दिली. तीही तंतोतंत नव्हे, कारण जागावाटपात मित्रपक्षाचा मतदार दुसऱ्याचं चिन्ह दाबतो. पण पक्षाध्यक्षाचं काय सांगता, आत्ता तिकीट कोण देतं? नाल्यापुरता तोडगा आहे: न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून मतदाराला दोन मतं असतात, एक स्थानिक उमेदवाराला, एक पक्षाला. आपल्याही विधी आयोगाने १९९९ च्या अहवालात जागा २५ टक्क्यांनी वाढवून त्या यादीतून भराव्यात असं सुचवलं होतं.

सावंतवाडीकर:
म्हणजे २८८ चे ३६०. आणखी ७२ आमदार!

घाटमाथा:
मंत्र्यांची १५ टक्क्यांची मर्यादा धरली तर ४३ चे ५४ मंत्री. एवढं मुंबईत कळवा, उद्याच दोन्ही बाजू एकमताने ठराव करतील.