गोफण विरुद्ध धनुष्य: फलकावर नेमकं काय लिहावं?

तालमीची_राखण

मंडळी, नमस्कार. दसऱ्याला आमच्या पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळांचं प्रात्यक्षिक आहे. लाठी, फरीगदका, दांडपट्टा, विटा हे नेहमीचं आहेच, यंदा गोफणही ठेवतोय. शेजारी माहितीचा फलक लागणार. त्याच्या कच्च्या मजकुरात दोन वाक्यं आहेत: "प्राचीन काळी गोफणीचा पल्ला ४०० मीटर होता" आणि "गोफण धनुष्यापेक्षा सरस होती."

ही वाक्यं टिकतील का? चिलखत घातलेल्या माणसावर गोफणगुंड्याचा खरंच काही परिणाम व्हायचा का? आणि गोफण एवढी भारी होती तर लढाईतून मागे का पडली? शेवटचं म्हणजे, पोरांसाठी गोफण कोणत्या मापाची वळावी आणि मैदान किती मोकळं ठेवावं? फलक रंगवायला टाकायच्या आत उत्तर मिळालं तर बरं होईल.

---

करवीर_अभ्यासक

४०० मीटरचा आकडा काढून टाका. तो विक्रमाचा आकडा आहे, लढाईचा नाही. १९८१ साली अमेरिकेत एकाने ५२ ग्रॅमचा लांबट दगड ४३७ मीटर फेकला, त्यावरून हे सगळीकडे पसरलंय. हवेचा विरोध शून्य धरला तरी एवढं अंतर कापायला सेकंदाला ६५ मीटर वेग लागतो. रणांगणावर, पाठीवर सामान घेऊन, दिवसभर असं कुणी फेकत नाही.

लढाईच्या पल्ल्यासाठी त्याहून चांगला आधार आहे. रोमन लेखक व्हेजिटियस सांगतो की तिरंदाज आणि गोफणकरी दोघांनाही ६०० फुटांवरच्या निशाणावर सराव द्यावा. रोमन फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे १७८ मीटर झाले. दोघांना एकच अंतर दिलंय, हे लक्षात घ्या.

दुसरा दाखला इ.स.पू. ४०१ चा. ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफनची फौज इराणी मुलखातून माघारी येत होती आणि मागून इराणी तिरंदाज व गोफणकरी सतत मारा करत होते. ग्रीकांकडे उत्तर द्यायला काही नव्हतं. तेव्हा फौजेतल्या ऱ्होड्स बेटावरच्या लोकांना जादा सवलती देऊन २०० गोफणकऱ्यांची तुकडी एका रात्रीत उभी केली. इराणी गोफणकरी मूठभर आकाराचे दगड मारायचे, ऱ्होड्सवाले शिशाच्या गोळ्या. त्यांचा पल्ला इराणी गोफणीच्या दुप्पट गेला आणि बहुतेक तिरंदाजांच्याही पुढे पोचला.

यातली मेख शिशात आहे. १०० ग्रॅमचा आपल्याकडचा काळा दगड गोल धरला तर जाडी ४ सेंटिमीटरच्या थोडी वर भरते. तेवढ्याच वजनाची शिशाची गोळी अडीच सेंटिमीटरची. हवेला अडणारी तोंडाची बाजू अडीच पटीनं कमी झाली. प्रत्यक्षात गोळ्या याहून हलक्या, बहुतेक ३० ते ५० ग्रॅमच्या आणि बदामासारख्या दोन्हीकडे निमुळत्या असायच्या. साच्यात ओतल्यामुळे सगळ्या एका वजनाच्या, त्यामुळे हाताचा अंदाज चुकत नाही. नदीतून वेचलेल्या दगडांत प्रत्येकाचं वजन वेगळं, म्हणून प्रत्येक फेक वेगळी.

फलकावर "शिशाची गोळी वापरल्यास गोफणीचा पल्ला त्या काळच्या बऱ्याच धनुष्यांच्या बरोबरीचा होता" एवढं लिहिलं तर कुणी खोडून काढू शकणार नाही.

---

वाख_आणि_वादी

चिलखताच्या प्रश्नाचं सांगतो. लोक ऊर्जेचे आकडे एकमेकांवर फेकतात, पण त्यानं अर्धंच कळतं.

३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगानं सुटला तर ऊर्जा ३७.५ जूल. १०० ग्रॅमचा गुंडा ३० मीटर वेगानं गेला तर ४५ जूल. जवळपास सारखंच. पण वस्तुमान गुणिले वेग काढा: बाणाचं दीड, गुंड्याचं तीन. गुंडा दुप्पट जोरानं ढकलतो. बाण तीच ऊर्जा टोकाच्या कणाएवढ्या जागेत घालतो, म्हणून तो आत शिरतो.

कातडी किंवा कापडी कवच असेल तर बाण फाडून आत जातो. गुंडा कवच फाडत नाही, पण त्याखालची बरगडी, खुब्याचं हाड, बोटं मोडतात. साखळीचं चिलखत तर दगडासमोर फार कमी उपयोगाचं, कारण ते वाकतं. मार कड्यांतून थेट अंगात उतरतो. व्हेजिटियसनं हेच लिहून ठेवलंय: शिरस्त्राण आणि कवच घातलेल्या सैनिकाला बाणांपेक्षा गोफणीचे गोल दगड जास्त छळतात, अंग अखंड राहतं, रक्त येत नाही आणि माणूस मुक्या मारानं मरतो. त्याउलट वळणदार, टणक धातूचं शिरस्त्राण असेल तर तिरका लागलेला गुंडा घसरून जातो.

शिशाची गोळी मात्र उघड्या अंगात शिरायचीसुद्धा. सेल्ससच्या रोमन वैद्यकग्रंथात बाण कसा काढावा हे जसं आहे, तसं मांसात किंवा हाडात रुतलेली शिशाची गोळी कशी काढावी हेही आहे. वैद्याला सूचना लिहून ठेवाव्या लागल्या, म्हणजे असे जखमी नेहमी येत असणार.

आणखी एक गोष्ट बहुतेक पुस्तकांत निसटते. बाण येताना दिसतो, त्यामुळे ढाल वर करायला थोडा वेळ मिळतो. बदामाएवढी करडी गोळी शंभर मीटरवरून दिसतच नाही. ढाल कुठे धरायची हेच कळत नाही. स्कॉटलंडमधल्या बर्न्सवार्क टेकडीवर दुसऱ्या शतकातल्या रोमन गोळ्या सापडल्या. त्यांतल्या काही लहान गोळ्यांना मुद्दाम भोक पाडलेलं आहे. फेकून पाहिलं की त्या शीळ घालतात. दिसत नाही, फक्त आवाज येतो. टेकडीवर मारा झेलणाऱ्या लोकांची काय अवस्था होत असेल याचा विचार करा.

---

पन्हाळा_पायथा

वरच्या दोघांचं वाचलं. माहिती चांगली आहे, पण पारडं गोफणीकडे जास्तच झुकलंय.

अभ्यासक दादा, झेनोफनचं उदाहरण अर्धं दिलंत. त्याच ग्रीक फौजेत क्रीट बेटाचे तिरंदाज होते आणि त्यांची धनुष्यं इराणी धनुष्यांपुढे तोकडी पडत होती. पुढे त्यांनी इराण्यांचेच लांब बाण गोळा करून, उंच मारून सराव केला. म्हणजे धनुष्य ही एक वस्तूच नाही. "गोफण विरुद्ध धनुष्य" म्हणताना कोणतं धनुष्य, ते आधी ठरवावं लागतं.

आपल्याकडचंच घ्या. ग्रीक इतिहासकार एरियननं भारतीय पायदळाच्या धनुष्याचं वर्णन दिलंय: माणसाच्या उंचीचं, खालचं टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायानं दाबायचं आणि दोरी मागे ओढायची. बाण जवळजवळ तीन हात लांब. त्यापुढे ढाल टिकत नाही आणि कवचही टिकत नाही, असं तो म्हणतो. अशा धनुष्यापुढे गोफण ठेवून सरस म्हणता येणार नाही. अर्थात त्याचीही अडचण होती. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पुरू राजाच्या लढाईत पावसानं जमीन निसरडी झालेली, धनुष्याचं टोक रोवता येईना आणि तिरंदाजांचे हात बांधले गेले. चिखलात गोफण मात्र चालते.

गोफण मागे पडली ती पल्ल्यामुळे नाही, जागेमुळे. तिरंदाज खांद्याला खांदा लावून उभे राहू शकतात. डोक्यावरून आडवी गोफण फिरवणाऱ्याला चारी बाजूंनी दोन-अडीच मीटर मोकळे लागतात. शंभर मीटरच्या ओळीत शंभराच्या वर तिरंदाज मावतात, तिथे गोफणकरी चाळीस. उभी फेक केली, म्हणजे गोफण अंगाच्या बाजूनं वरखाली फिरवली, तर जागा कमी लागते, पण मागच्या ओळीचा धोका राहतोच. घोड्यावरून धनुष्य चालवता येतं. गोफण घोड्याच्या मानेत अडकते. आणि गडावरच्या जंग्यांतून, म्हणजे तटातल्या मारा करायच्या भोकांतून, बाण मारता येतो, गोफण फिरवताच येत नाही. तटावर चढून उघड्यावर उभं राहावं लागतं.

म्हणून शहाण्या फौजांनी दोन्ही ठेवले. इ.स.पू. ७०१ मधल्या लाखीशच्या (आजच्या इस्राएलमधलं जुनं शहर) वेढ्याची असिरियन शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तिरंदाज पुढे आणि गोफणकरी त्यांच्या मागे उभे दिसतात. कौटिल्यही शस्त्रागाराची यादी देताना धनुष्यं वेगळी सांगतो आणि गोफणीचा दगड 'अश्मायुधां'त, म्हणजे दगडी शस्त्रांत धरतो. मागे पडली तरी शस्त्रागारात तिची जागा होती.

---

करवीर_अभ्यासक

क्रीटच्या तिरंदाजांचं मान्य, तो भाग द्यायला हवा होता.

पण जागेबरोबर दारूगोळ्याचाही हिशोब मांडा. एका बाणाला सरळ वेत किंवा बोरू, पिसं, टोक, तात आणि सरस लागतो, आणि कुशल कारागीर लागतो. शिंग आणि तात सरसानं चिकटवून केलेल्या जोड धनुष्याचं सरसकाम पावसाळी दमटपणात सुटतं. आपल्या आषाढात तर विचारूच नका. ४० ग्रॅमच्या ४० गोळ्यांचं वजन फक्त १ किलो ६०० ग्रॅम, आणि शिसं चुलीवर वितळतं. शिसं नसेल तर दगड, दगड नसेल तर माती. ईशान्य सीरियातल्या हमूकर इथं इ.स.पू. ३५०० च्या सुमाराच्या वेढ्यातल्या मातीच्या हजारावर गोळ्या मिळाल्या. इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या गढीत एकाच खड्ड्यात समुद्रकाठचे वीस हजारांवर गोटे साठवलेले होते. एवढे बाण साठवायला राज्याची तिजोरी लागली असती.

---

माळ्यावरचा_गडी

गोफण वळायचं सांगतो, बाकीच्यांनी इतिहास सांगितलाच आहे.

सामान: केकताडाचा किंवा अंबाडीचा वाख, म्हणजे तंतू. नायलॉन घेऊ नका, बोटावरून घसरतं आणि ताणलं की लांबतं. तीन पेडांची वेणी वळा, करंगळीच्या निम्म्या जाडीची. मधली झोळी विणलेली ठेवा, १२ सेंटिमीटर लांब, ६ रुंद, आणि मध्ये उभी चीर राहू द्या. चिरेमुळे गोल गुंडा दोन्ही बाजूंनी धरला जातो, सपाट कातडी झोळीतून तो फिरवताना सटकतो.

एका दोरीच्या टोकाला फास, तो मधल्या बोटात जातो. दुसऱ्या टोकाला गाठ, ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. गाठ कुठे मारायची हे शेवटी ठरवा. आधी फास बोटात घाला, गुंडा झोळीत ठेवा, हात खाली सोडा, झोळी आडवी समांतर लोंबेल अशी दोरी चिमटीत धरा आणि तिथेच गाठ मारा. एक बाजू दोन सेंटिमीटर जरी लांब राहिली तरी झोळी कलंडते आणि गुंडा पहिल्याच फेऱ्यात पायावर पडतो. नवशिक्यांची निम्मी रड इथलीच असते.

लांबी: दुमडलेली गोफण हात सरळ सोडल्यावर घोट्याच्या वर राहावी. मोठ्या माणसाला साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर. लांब गोफण लांब जाते, पण निशाण बिघडतं. भूमध्य समुद्रातल्या बॅलिअरिक बेटांवरचे गोफणकरी तीन लांबीच्या तीन गोफणी बाळगायचे, लांब, मधल्या आणि जवळच्या माऱ्याला; एक डोक्याला बांधलेली, एक कमरेला, एक हातात.

फेकताना गरगर फिरवू नका. दहा फेरे घेतल्यानं वेग वाढत नाही, हात दमतो आणि सुटायची वेळ चुकते. एक फेरा पुरे. वेग येतो तो शेवटच्या झटक्यात, कंबर आणि खांदा वळवून.

सुटायच्या वेळेचा हिशोब करून बघा. हात आणि गोफण मिळून दीड मीटर, वेग सेकंदाला ३० मीटर. सेकंदाच्या शंभराव्या भागात गुंडा साडेअकरा अंश फिरतो. तेवढीच चूक झाली तर ५० मीटरवर तो १० मीटर बाजूला जातो. उजव्या हातानं डोक्यावरून फिरवणाऱ्याचा गुंडा लवकर सुटला की उजवीकडे जातो, उशिरा सुटला की डावीकडे. म्हणून पोरांना आधी उभी फेक शिकवा. त्यात चूक वरखाली होते, बाजूला नाही. पण उभ्या फेकीत फार लवकर सुटला तर तो मागे जातो. मागे माणूस नकोच.

---

तालमीची_राखण

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरं वाक्य पूर्ण काढतोय. फक्त गुंडा कशाचा द्यावा आणि मैदान किती, एवढंच राहिलं. आमच्यासमोरच्या मैदानात तीन बाजूंना लोक बसतात.

---

माळ्यावरचा_गडी

तीन बाजूंना लोक असतील तर दगड नाही, शिसं तर मुळीच नाही. सेकंदाला ३० मीटर वेगानं सुटलेला गुंडा वारा नसताना ९० मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि नवशिक्याचा कुठल्याही दिशेला.

मैदानात टेनिसचा चेंडू वापरा, ५८ ग्रॅमच्या आसपास असतो. लोकांना फेक दिसते आणि लागला तरी हाड मोडत नाही. फेकणारा एका वेळी एकच, भोवती पाच मीटरचा फक्कीचा गोल, आणि लोक तिन्ही बाजूंना न बसता एकाच कडेला, जाळीच्या आड, किमान ३० मीटरवर.

खरा मार दाखवायचा असेल तर तो आदल्या दिवशी माळरानावर घ्या. ८० ग्रॅमच्या कच्च्या मातीच्या गोळ्या करा, ओल्या असताना १०० ग्रॅम ठेवा म्हणजे वाळून तेवढ्या होतात. सावलीत वाळवा, उन्हात तडकतात आणि झोळीतच फुटतात. समोर १२० मीटर आणि बाजूला व मागे प्रत्येकी १०० मीटर मोकळं ठेवा. निशाणाला ४० मीटरवर रिकामा पत्र्याचा डबा टांगा. पडलेले पोचे दसऱ्याला फलकाखाली ठेवा, लोक बोट घालून बघतील.

---

पन्हाळा_पायथा

आणि त्या डब्याशेजारी बाण शिरलेला दुसरा डबा ठेवा. पोचा आणि भोक, दोन्ही एकत्र दिसले की फलकावर सरस-कमी लिहायची गरजच राहणार नाही.