ईयोबाच्या २६व्या अध्यायात देवाचे सामर्थ्य वर्णिले आहे की झाकले आहे?

शोधक (प्रश्न)

बायबलमधील ईयोब या काव्यग्रंथात दुःखात सापडलेला ईयोब आपल्या मित्रांशी वाद घालतो. त्या ग्रंथाच्या २६व्या अध्यायात देवाच्या सामर्थ्याचे अतिशय भव्य वर्णन आहे. तो उत्तर दिशा पोकळीवर पसरतो, पृथ्वी निराधार टांगतो, मेघांत जल बांधून ठेवतो आणि तरीही ते मेघ फाटत नाहीत. त्याच्या धमकीने आकाशाचे स्तंभ थरथरतात. एवढे सांगून झाल्यावर १४व्या वचनात मात्र ईयोब म्हणतो की ही तर त्याच्या मार्गांची केवळ कड आहे आणि आपल्या कानी येते ती त्याची मंद कुजबुज. बायबलमधील हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात हेच अधिक ठळकपणे आढळते. तेथे देव तेमानाहून व पारान पर्वतावरून येतो, त्याच्या हातातून किरण निघतात, आणि नेमके त्याच ठिकाणी त्याचे सामर्थ्य गुप्त आहे असे कवी सांगतो. स्तुती करण्यासाठी रचलेले काव्य स्तुतीचा विषयच का झाकते? मानवी ज्ञान अपुरे आहे एवढाच याचा अर्थ असेल, तर त्यासाठी इतक्या प्रतिमांची गरज नव्हती, असे मला वाटते.

स्तोत्रवाचक

आपण २६व्या अध्यायाचा शेवट पाहिला आहे. त्याच्या आरंभाकडेही लक्ष द्यावे, कारण माझ्या मते उत्तराचा मोठा भाग तेथे आहे. सहाव्या वचनानुसार अधोलोक देवापुढे उघडा आहे आणि विनाशस्थानाला आच्छादन नाही. त्यानंतर तीनच वचनांनी, नवव्या वचनात, देव आपले आसन झाकतो आणि त्यावर आपला मेघ पसरतो. माणसाला ज्याची सर्वाधिक भीती वाटते आणि जे त्याला कधीच दिसत नाही, ते मृतांचे स्थान देवाच्या नजरेसमोर उघडे आहे. देवाचे आसन मात्र त्याच्या स्वतःच्या इच्छेने झाकलेले आहे. झाकण्याचा आणि उघडे करण्याचा अधिकार एकाच हाती आहे, हेच त्याच्या राजेपणाचे लक्षण म्हणून कवीने मांडले आहे. मेघ देवाला अडवत नाही, तर देव मेघाला कामाला लावतो.

हे शब्द कोणाला उद्देशून आहेत, हेही विसरू नये. २५व्या अध्यायात ईयोबाचा मित्र बिल्दद अवघ्या सहा वचनांत देवाचे मोठेपण सांगतो आणि लगेच त्याच्या जोरावर माणसाला किडा ठरवतो. ईयोब देवाचे मोठेपण नाकारत नाही, उलट बिल्ददापेक्षा कितीतरी विस्ताराने ते गातो. पण शेवटी हे सगळे केवळ कड आहे असे म्हणून तो बिल्ददाच्या खात्रीचा आधार काढून घेतो. ज्याने फक्त कुजबुज ऐकली आहे, त्याने गर्जनेच्या नावाने दुःखी माणसाचा निवाडा करू नये. मला हा संपूर्ण ग्रंथातील अत्यंत धारदार युक्तिवादांपैकी एक वाटतो.

जुना वाचक

वरील विवेचन मान्य आहे, परंतु हबक्कूकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तेथे आवरण अंधाराचे नसून प्रकाशाचे आहे. बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या १०४व्या स्तोत्रातही देव प्रकाश वस्त्रासारखा पांघरतो. याउलट १८व्या स्तोत्रात, जे थोड्याफार फरकाने २ शमुवेल या ग्रंथाच्या २२व्या अध्यायातही आले आहे, तो काळोखाला आपले आच्छादन करतो. प्रकाश आणि काळोख ही दोन्ही त्याची वस्त्रे होऊ शकतात. म्हणजे न दिसण्याचे कारण उजेडाचा अभाव हे नव्हे.

या तिन्ही काव्यांत देव स्थिर बसलेला नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. १८व्या स्तोत्रात तो आकाश लववून खाली उतरतो, कारण संकटात सापडलेल्या एका माणसाने हाक मारली आहे. हबक्कूकात तो आपल्या लोकांच्या तारणासाठी निघाला आहे, आणि १०४व्या स्तोत्रात मेघ त्याचा रथ आहेत. ७७व्या स्तोत्रात त्याची वाट समुद्रातून जाते, त्याच्या पावलांचे ठसे दिसत नाहीत, आणि तरीही पुढच्याच वचनात इस्राएलाचे पुढारी मोशे व अहरोन यांच्या हस्ते लोक कळपासारखे नेले जातात. या कवितांतील आवरण दूर असलेल्या देवाचे नाही, तो जवळ येऊ लागल्याचे आहे. निर्गम या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात हे जवळजवळ स्पष्टपणे सांगितले आहे: लोकांनी ऐकावे म्हणून देव घनदाट मेघात मोशेकडे येतो. २९व्या स्तोत्रातही परमेश्वराच्या वाणीचा उल्लेख सात वेळा येतो, लबानोनाचे गंधसरू मोडतात, कादेशाचे रान कापते, पण त्याच्या रूपाबद्दल एक शब्दही नाही.

शिलालेख

प्राचीन जगाच्या संदर्भात हे अधिक उठून दिसते. सीरियाच्या किनाऱ्यावरील रास शामरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित नगरातील मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतील काव्यांत बआल देव समुद्राशी झुंजतो आणि त्याला मेघांवर स्वार होणारा म्हटले आहे. पळणाऱ्या सर्पाचा वधही तेथे येतो. ईयोब २६ मधील समुद्र, राहाब हा समुद्री राक्षस व पळता सर्प आणि ७४व्या स्तोत्रातील लिव्याथान या समुद्री प्राण्याची ठेचलेली डोकी याच प्रतिमाविश्वातली आहेत. पण बआलाला विजय मिळवण्यासाठी खरोखर लढावे लागते. ईयोबाच्या ३८व्या अध्यायात मात्र समुद्र नवजात बालक आहे आणि देव त्याला मेघांचे वस्त्र व दाट काळोखाचे बाळंते गुंडाळतो. १०४व्या स्तोत्रात लिव्याथान समुद्रात खेळण्यासाठी निर्माण केलेला आहे. येथे सामर्थ्य दाखवण्यासाठी युद्धाची गरज उरलेली नाही, म्हणून ते झाकलेले राहू शकते.

शोधक

आसन झाकणे आणि जवळ येणे यांचा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता. तो मला पटला. तरी एक शंका उरते. २३व्या अध्यायात तोच ईयोब पूर्वेला, पश्चिमेला, डावीकडे, उजवीकडे देवाला शोधतो आणि तो सापडत नाही. तेथील गुप्तपणालाही आपण वैभव म्हणणार का?

जुना वाचक

नाही, म्हणू नये. माझे मत असे आहे की वैभवाचे आवरण आणि विलापस्तोत्रांतील लपवलेले मुख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या साहाय्याने दुसरीचे दुःख पुसून टाकणे म्हणजे पुन्हा बिल्ददाच्या शेजारी जाऊन बसणे होय. १३व्या, ४४व्या व ८८व्या स्तोत्रांत कवी देवाला थेट विचारतो की तू आपले मुख का, कोठवर लपवतोस, आणि ८८व्या स्तोत्रात तर अखेरपर्यंत उत्तर मिळत नाही. या तक्रारी पवित्र शास्त्रात जपून ठेवल्या गेल्या आहेत; त्यांना घाईने स्तुतीत रूपांतरित करण्याचा अधिकार वाचकाला नाही.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४५व्या अध्यायातील, तू खरोखर स्वतःला लपवणारा देव आहेस, हे प्रसिद्ध वचन यांपैकी कोठेच नीट बसत नाही. त्या अध्यायात देव कोरेश या पारसी राजाकडून काम करून घेतो, आणि तो राजा देवाला ओळखतही नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल कोरेशाच्या हाती गेले, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला केवळ एका साम्राज्याने दुसरे जिंकलेले दिसले असणार. मात्र त्याच अध्यायात, चारच वचनांनी पुढे, मी गुप्तपणे बोललो नाही असेही देव म्हणतो.

स्तोत्रवाचक

शंकेच्या संदर्भात एवढेच जोडतो की ३८व्या अध्यायापासून देव बोलतो तेव्हाही तो ईयोबाच्या दुःखाचे कारण सांगत नाही. जेथे एकही मनुष्य नाही अशा रानावर पाऊस पाडण्याबद्दल तो बोलतो. तरीही ४२व्या अध्यायात ईयोब म्हणतो की पूर्वी कानांनी ऐकले होते, आता डोळ्यांनी पाहिले. वादळातून आलेल्या वाणीखेरीज त्याच्यापुढे काही प्रकट झाल्याचे ग्रंथ सांगत नाही. मग त्याने नेमके काय पाहिले, यावर ३८ ते ४१ हे अध्याय सलग वाचून आपण पुढे लिहावे, ही विनंती.