पोर्टचा नियम दिला, तरी विंडोज फायरवॉल अडवतेच

प्रश्न:
विंडोज ११ वर पायथनचा छोटा वेब सर्व्हर ८०८० पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या सेवेचा दार-क्रमांक) चालू आहे. त्याच वाय-फायवरच्या फोनवरून पान उघडत नाही. फायरवॉल बंद केली की लगेच उघडतं. फायरवॉलच्या इनबाउंड, म्हणजे बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांच्या नियमांमध्ये टीसीपी ८०८० ला अलाउ दिलंय, तरी ढिम्म. पिंगलाही (मशीन पोचतं का, हे बघायची हाक) उत्तर नाही. काय राहिलं?

उत्तर १:
फायरवॉल बंद असताना उघडतं, म्हणजे सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनपुरता ऐकतोय ही शंका मिटली. विंडोज की + आर दाबून डब्ल्यूएफ.एमएससी (wf.msc, फायरवॉलच्या नियमांची खिडकी) चालवा आणि इनबाउंड रूल्समध्ये पायथन शोधा. बहुतेक लाल खुणेचे, म्हणजे ब्लॉकचे, दोन नियम सापडतील, एक टीसीपीचा, एक यूडीपीचा. प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना परवानगीची खिडकी येते. तिथे कॅन्सल दाबलं की विंडोज गुपचूप हे नियम करून ठेवते. अलाउ आणि ब्लॉक दोन्ही लागू पडले तर ब्लॉकचंच चालतं, मग पोर्टचे कितीही नियम करा. ते दोन्ही डिसेबल करा.

उत्तर २:
प्रोफाइलही, म्हणजे नियम कुठल्या प्रकारच्या नेटवर्कवर लागू आहे तेही बघा. नियम प्रायव्हेटपुरता आणि वाय-फाय पब्लिक, असा घोळ नेहमीचाच. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नेटवर्क प्रायव्हेट करा. नियमात पब्लिकला टिक देऊन मोकळं होऊ नका, लॅपटॉप बाहेर नेलात की तिथेही पोर्ट उघडाच राहील. स्कोप टॅबमध्ये रिमोट ॲड्रेसला लोकल सबनेट (फक्त त्याच नेटवर्कवरची उपकरणं) द्या. आणि ८०८० हा लोकल पोर्टच्या रकान्यात हवा. रिमोट पोर्ट ऑलच राहू द्या, फोन आपल्या बाजूचा पोर्ट दर वेळी वेगळा घेतो.

प्रश्नकर्ता:
ब्लॉकचे दोन नियम होते. काढले, पान उघडलं. पिंग अजून नाही.

उत्तर १:
पिंग आयसीएमपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतं, त्याला पोर्टच नसतो. 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' या गटातला इको रिक्वेस्ट, आयसीएमपीव्ही४-इन हा तयार नियम प्रायव्हेटसाठी इनेबल करा. नवा करायची गरज नाही.

उत्तर ३:
पुन्हा अडलं तर अंदाज बांधण्यापेक्षा फायरवॉलचा लॉग (अडवलेल्या पॅकेटांची नोंद) चालू करा, तो मुळात बंद असतो. डब्ल्यूएफ.एमएससीच्या प्रॉपर्टीजमध्ये, त्या त्या प्रोफाइलच्या टॅबवर, लॉगिंग > कस्टमाइझ > लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स: येस. फाइलचं नाव पीफायरवॉल.लॉग (pfirewall.log). त्यातल्या ओळीत असा भाग दिसेल:

ड्रॉप टीसीपी १९२.१६८.१.७ १९२.१६८.१.५ ५१५४४ ८०८०

या भागातला शेवटचा आकडा तुमचा पोर्ट, त्याआधीचा फोनचा. फोनवरून प्रयत्न करूनही ओळच उमटली नाही, तर पॅकेट बहुधा तुमच्या मशीनपर्यंत पोचतच नाहीये. मग राउटरमधलं क्लायंट आयसोलेशन (वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) तपासा.