यंत्र घरात आलं आणि पोरांना काम लागलं

परवा म्हापशाला माहेरी गेले होते. थोरल्या भावाची नात, वय वर्षं नऊ, सोप्यावर बसून आजोबांचं विजेचं बिल फोनवरून भरत होती. भाऊ चष्मा कपाळावर चढवून विचारत होता, "पयशे गेले मू गो?" ती म्हणाली, "गेले आजो, आतां मेसेज येतलो."

त्याच सोप्यावर मी नऊ वर्षांची असताना माझ्याकडेही एक काम होतं. वाड्यावरचा, म्हणजे आमच्या वस्तीतला, पहिला फोन आमच्याकडे आला होता. काळा, जड, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. फोन उचलायचे वडील, धावायचं मी. "मामी, तुमचो फोन आयला, बेगीन यात!" आणि मामी हात पुसत, केस सारखे करत यायच्या, पलीकडचा माणूस समोर उभा असल्यासारख्या. ५ जुलै १९८६ ला पणजीच्या वाटेवरचा, मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा तर आमचा फोन दोन दिवस थांबलाच नाही. वाड्यावरची कितीतरी माणसं पणजीला कामाला जायची. त्यांचे मुंबईतले नातेवाईक एकामागून एक विचारत होते, आमचा माणूस घरी पोचला ना? मी भर पावसात दारोदार जाऊन विचारून यायची. कुणाचा माणूस कुठे कामाला जातो, कुणाचं कोण मुंबईत असतं, हे सगळं त्या दोन दिवसांत पाठ झालं. आजही आहे.

यंत्र विकत घेतात मोठी माणसं, पण घरच्यांच्या हाती ते रुळवतात मुलं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. तुमच्या लहानपणी कोणतं यंत्र आलं आणि तुमच्या वाट्याला कोणतं काम आलं, ते या धाग्यावर लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा.

डिचोलीहून

माझा जन्म १९५१ चा. आमच्या घरी रेडिओ होता, बॅटरीवर चालणारा. 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त केंद्र १९५५ पासून सीमेपलीकडच्या रानातून चालायचं, आधी आंबोली, मग कॅसलरॉक. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवत. कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत बातम्या यायच्या. अर्थात ही नावं आम्हाला गोवामुक्तीनंतर कळली. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की बाबा आतल्या खोलीत, अंगावर गोधडी घेऊन, रेडिओला कान लावून बसतात आणि मी दारवठ्यावर बसायचं. कुणी अनोळखी माणूस किंवा पाखल्यांचा (पोर्तुगीजांचा) पोलीस दिसला की मोठ्याने पाढे म्हणायला लागायचं. एकोणतीसचा पाढा माझा कधीच चुकला नाही, कारण तो मी भीतीने पाठ केला होता. एकदा खरंच दोन पोलीस आमच्या वाटेने आले. मी पाढा सुरू केला. त्यातला एक जण थांबला, माझ्याकडे बघून हसला आणि पुढे गेला. आत बाबांनी रेडिओ तांदळाच्या डब्यात घातला होता.

१९ डिसेंबर १९६१ ला सरदेसाई आणि लोबो यांनीच विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची बातमी सांगितली. ते विमान काही मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की बाबांनी रेडिओ उचलून सोप्यावर आणून ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा केला. मी आपला सवयीने दारवठ्यावर जाऊन बसलो. बाबा म्हणाले, "आतां भितर यो रे."

फोंड्याहून

आमच्याकडे यंत्र आलं आणि माझं काम गेलं. रगड्यावर, म्हणजे खळगा असलेल्या दगडावर, वाटताना आजी वरवंटा फिरवायची आणि मी खोबऱ्याची सोय (खोवलेलं खोबरं), मिरच्या, धणे हाताने खळग्यात लोटायची. लय जमायला लागते. वरवंटा पुढे गेला की हात आत, वळला की बाहेर, नाहीतर बोटं चेमटलीच. वाटताना आजी बोलायची. माझ्या आईचा जन्म, आजोबांचं आजारपण, कुणाशी का बोलणं तुटलं, हे सगळं मला रगड्यापाशी कळलं.

मी सातवीत असताना मिक्सर आला. वाटण पाच मिनिटांत व्हायला लागलं. आईच्या पाठीला आराम मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण आजीने मिक्सरच्या वाटणाचं हुमण (माशांची आमटी) कितीतरी महिने तोंडाला लावलं नाही. "तापलेलें वाटप," म्हणायची. मिक्सरच्या घरघरीत बोलता येत नाही, हे तिचं खरं दुःख होतं, असं मला आता वाटतं. आता मी आणि माझी मुलगी दर चवथीला (गणेशचतुर्थीला) एक वाटण रगड्यावर काढतो. ती विचारते, मी सांगते.

मडगावहून

बाबा मस्कतला होते. १९८५ च्या सुमारास त्यांनी टेपरेकॉर्डर पाठवला. पत्राऐवजी कॅसेट जायची. दोन बटणं एकदम दाबायची आणि कुणी काय बोलायचं ते ठरवायचं, हे माझं काम. आजी टेपरेकॉर्डरसमोर बसली की पदर डोक्यावरून घ्यायची आणि "बाबा, जेवलास मू?" एवढं विचारून उत्तराची वाट बघत थांबायची. मी खुणावायचो, बोल, बोल. ती म्हणायची, त्याला बोलू दे की.

ती शांतताही कॅसेटवर यायची. बाबा परत आल्यावर सांगायचे, की ते तिथे त्या जागी खरंच उत्तर द्यायचे. "जेवलों गे आई." मग पुढचं ऐकायचे.

पेडण्याहून

आमचं काम अँटेना. रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा सगळा वाडा आमच्या घरात आणि मी कौलांवर, बांबू धरून. "आयलें?" "ना!" "आतां?" "मात्शें उजवे वटेन!" आखं १९८७ मी रामायण फक्त ऐकलं आहे.

सत्तरीहून

वरचं सगळं वाचून बरं वाटलं, पण माझं थोडं वेगळं आहे. मी २०२० ला आठवीत होते. जूनमध्ये शाळा फोनवर सुरू झाली. आमच्या गावात रेंज नव्हती. घरात फोन एक आणि शिकणारी भावंडं तीन. रेंज मिळायची ती सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर, एका काजूच्या झाडाखाली, घरापासून अर्धा तास चालून. पाऊस तर सत्तरीतला. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी छत्रीखाली. माझा तास सकाळी, भावाचा त्यानंतर, म्हणून धाकट्या भावालाही सोबत न्यायचं, आणि त्याचा तास होईपर्यंत मी थांबायचं. सड्यावर आणखी चार गावांची मुलं असायची, प्रत्येकजण आपापल्या दगडावर.

एकदा माझी हजेरी लागली नाही. मी "प्रेझेंट" म्हटलं होतं, पण आवाज पोचला नाही. शाळेतून घरी निरोप आला की मुलगी तासाला बसत नाही. बाबांनी मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कामाला जायचं सोडून ते माझ्यासोबत सड्यावर आले, पूर्ण तासभर छत्री धरून उभे राहिले आणि शेवटी फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, "बाई, आमचें चेडूं हांगा आसा." (आमची मुलगी इथे आहे.) तो आवाज पोचला. मोठ्यांसाठी यंत्रापाशी राबलेली मुलं तुम्ही सगळे. माझ्या वेळी मात्र यंत्रापाशी बाबाच उभे राहिले.

(धागाकर्ती: हे वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. शहरात राहणाऱ्या आम्हा लोकांना तेव्हा ऑनलाइन शाळा म्हणजे गैरसोय वाटत होती. सड्यावरच्या मुलांसाठी ती रोजची चढण होती, हे आम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं.)

काणकोणहून

माझा मुलगा अकरा वर्षांचा. चवथीआधी आजीबरोबर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं, सामान गोळा करायला रानात जातो. दोन वर्षांपूर्वी फळांचे फोटो काढून तो फोनला नावं विचारू लागला. फोनने माट्टीला भलतंच लांबलचक नाव सांगितलं, कवंडळाला नुसतंच 'भोपळ्याचा प्रकार' म्हटलं. आजी रागावली नाही. म्हणाली, त्याला कुणी सांगितलं नसेल, तू सांग. तेव्हापासून मुलगा फोटोखाली आजीने सांगितलेलं नाव लिहितो, आणि ते फळ कुठल्या वाटेवर मिळालं तेही. आजीला लिहिता येत नाही, म्हणून नाव तिच्या आवाजात रेकॉर्डही करतो. आतापर्यंत बावीस फळं झाली.

तेविसावं अडलं आहे. आजीची आई ते माटोळीत बांधायची, आजीला फळ आठवतं, नाव आठवत नाही. द्राक्षाएवढं, घोसात लागतं, आधी हिरवं, मग नारिंगी होऊन उकलतं आणि आत लाल बी दिसतं. काटा नाही, वेल आहे. सांगे-केपे भागात कुणाच्या घरी बांधत असतील तर नाव सांगा. आजी रोज संध्याकाळी मुलाला विचारते, आयलें काय उत्तर?